गिलाव्याच्या आधी ठरवा काळी वायर

स्मार्ट घर करायचं ठरलं की चर्चा सुरू होते ती ॲप कोणतं आणि स्पीकर कोणता इथून. नवं घर बांधणाऱ्यानं मात्र पहिला प्रश्न वायरमनला विचारावा: प्रत्येक बोर्डात न्यूट्रल, म्हणजे विजेच्या परतीची काळी वायर, येणार आहे ना? वायर्ड की वायरलेस हा वाद त्यानंतरचा.

साध्या स्विचला न्यूट्रल लागतच नाही. फेज, म्हणजे वीज आणणारी तार, स्विचपर्यंत येते, तिथून दिव्याकडे जाते आणि न्यूट्रलची काळी वायर परस्पर दिव्यापाशी पोचते. सॉकेट असलेल्या बोर्डात ती आलेलीच असते; जिन्यातल्या किंवा पलंगाशेजारच्या टू-वे स्विचच्या बॉक्समध्ये बहुधा नसते. वाय-फाय स्विचच्या पोटात तर चोवीस तास जागा राहणारा रेडिओ असतो, त्याला वीज हवी आणि विजेला परतीची वाट हवी. न्यूट्रलशिवाय चालणारे स्विचही मिळतात. ते दिवा बंद असताना त्या दिव्यातूनच किंचित प्रवाह सोडून आपली गरज भागवतात. जुन्या ६० वॉटच्या बल्बला याचा पत्ताही लागत नसे, कारण एवढ्याशा प्रवाहानं फिलामेंट तापत नाही. ५ वॉटच्या एलईडीचं तसं नाही. तिच्या ड्रायव्हरमधला, म्हणजे तिला वीज पुरवणाऱ्या सर्किटमधला, वीज साठवणारा कपॅसिटर त्या प्रवाहावर हळूहळू भरतो, पुरेसा भरला की दिवा क्षणभर चमकतो, कपॅसिटर रिकामा होतो आणि पुन्हा भरू लागतो. बंद केलेला दिवा रात्रभर लुकलुकत राहतो तो यामुळे. मग दिव्याला समांतर आणखी एक कपॅसिटर लावा, असे उपाय सुरू होतात. पाइप टाकताना एक जादा वायर ओढली असती तर हा सगळा खटाटोप वाचला असता.

आता वायरलेसचं. घरातली बहुतेक स्मार्ट उपकरणं २.४ गिगाहर्ट्झवर बोलतात. या लहरीची लांबी साधारण साडेबारा सेंटिमीटर. विटांच्या भिंतीतून ती बऱ्यापैकी जाते. काँक्रीट, त्यातली सळ्यांची जाळी आणि मुरलेला ओलावा तिला चांगलंच अडवतात. मुंबई-पुण्याच्या अनेक नव्या टॉवरमध्ये मायवान पद्धतीनं, म्हणजे ॲल्युमिनियमच्या फर्म्यात काँक्रीट ओतून भिंती घडवतात. तिथे आतली भिंतसुद्धा आरसीसी. शिवाय वरखाली, शेजारीपाजारी सगळ्यांचे राउटर याच पट्ट्यात, आणि एकमेकांवर न चढणारी वाय-फाय चॅनेलं इथे जेमतेम तीन: १, ६ आणि ११. स्वयंपाकघरातला मायक्रोवेव्हही २.४५च्या आसपास गळतो, ते वेगळंच.

झिगबी आणि थ्रेड या स्मार्ट उपकरणांच्या वायरलेस पद्धतींनी यावर तोड काढली आहे. त्यांची उपकरणं निरोप हातोहात पुढे देतात, त्यामुळे एकाच राउटरला सगळं घर गाठावं लागत नाही. पण पुढे देण्याचं काम विजेवर चालणाऱ्या उपकरणांचं. दारावरचा बटण-सेलवरचा सेन्सर बहुतेक वेळ झोपलेला असतो. म्हणूनच त्याचा सेल महिनोन्‌महिने टिकतो. म्हणजे नुसतेच सेन्सर घेऊन घरभर जाळं विणलं जाणार नाही, मध्ये विजेवरचे स्विच किंवा प्लग हवेतच.

गंमत अशी की वायरलेसला अडवणारी ही आरसीसी भिंत वायरचीही सोय ठेवत नाही. तिच्यात मागाहून झिरी मारू देत नाहीत, द्यायलाही नको. जे पाइप काँक्रीट ओतण्याआधी बसले तेवढेच. त्यामुळे टॉवरमध्ये तयार फ्लॅट घेणाऱ्याला फार निवड उरत नाही. फॉल्स सीलिंगमधून जेवढं नेता येईल तेवढं न्यावं आणि बाकी वायरलेस. खरी निवड आहे ती प्लॉटवर बंगला बांधणाऱ्याला.

त्याच्यासमोर केएनएक्ससारखी बस-पद्धत येते. युरोपात १९९०च्या दशकात रुजलेली. सगळे स्विच, रिले, सेन्सर एका बारीक केबलला जोडलेले. तीवर सुमारे ३० व्होल्टचा डीसी दाब आणि वेग सेकंदाला फक्त ९६०० बिट. वाय-फायपुढे हा वेग हास्यास्पद वाटेल, पण ‘दिवा लाव’ म्हणायला किती बिट लागतात? प्रत्येक उपकरणाला स्वतःचा प्रोसेसर असतो, मधे कुणी मुखिया नसतो. त्यामुळे एक स्विच बिघडला तरी बाकीचं घर चालू राहतं. (ही केबल बहुधा हिरवी असते आणि आपल्याकडे अर्थिंगही हिरवंच. वायरमनला आधी सांगून ठेवा.) अडचण पैशाची आणि माणसांची. प्रोग्रामिंगला खास सॉफ्टवेअर आणि ते येणारा माणूस लागतो, आणि तालुक्याच्या गावी तो सहज मिळत नाही. दोन-तीन खोल्यांच्या घरासाठी मला हा खर्च पटत नाही.

वायर आहे म्हणून सगळं सुरक्षित, असंही नाही. अमेरिकेतल्या इन्स्टीऑन या कंपनीची उपकरणं घरातल्या विजेच्या तारांवरून आणि रेडिओवरून, अशी दोन्हीकडून बोलत. २०२२च्या एप्रिलमध्ये कंपनीचे सर्व्हर पूर्वसूचनेविना बंद झाले. भिंतीवरचे स्विच चालत होते, ॲप मात्र मेलं. खरेदीच्या वेळी दुकानदाराला मोबाइलचं इंटरनेट आणि दुकानाचं ब्रॉडबँड बंद करून, फक्त राउटर चालू ठेवून दिवा लावून दाखवायला सांगा. २०२२च्याच ऑक्टोबरात आलेल्या मॅटर या स्मार्ट उपकरणांच्या सामायिक मानकात घरातल्या घरात हुकूम चालावा हीच अपेक्षा आहे.

माझी वाटणी अशी. जे हलत नाही आणि जास्त डेटा ओढतं, त्याला वायर: कॅमेरे, दाराची व्हिडिओ बेल, टीव्ही, प्रत्येक मजल्याच्या छतावरचा वाय-फाय पॉइंट. एकाच कॅट-६ केबलमधून डेटा आणि वीज दोन्ही जातात, १०० मीटरपर्यंत. ती २३० व्होल्टच्या पाइपात कोंबू देऊ नका. वेगळा पाइप हवा, धोका टाळायला आणि खरखर टाळायलाही. दिवे-पंख्यांना न्यूट्रलसह वायरलेस स्विच, म्हणजे आजीनं हातानं बटण दाबलं तरी बिघडत नाही. स्मार्ट बल्ब लावला आणि भिंतीवरचं बटण बंद झालं की त्याचं सगळं शहाणपण संपतं. वीज जाऊन आली की तो पहाटे तीनलाही लख्ख पेटू शकतो. ती सेटिंग पहिल्याच दिवशी बदलावी. राउटर इन्व्हर्टरवर घ्या.

आणि गिलावा चढण्याआधी प्रत्येक भिंतीचा फोटो काढा, कोपऱ्यापासून टेप धरून. रिकाम्या पाइपात नायलॉनची दोरी सोडून ठेवा, तोंडाला चिकटपट्टी लावा, नाहीतर गवंड्याचा माल आत जाऊन पाइप बुजतो.