पशुपालक आपत्ती-साहाय्य (अमेरिका)

हिमवादळ, पूर, वणवा, अवर्षण अशा आपत्तींत जनावरे दगावल्यास किंवा कुरणे सुकून गेल्यास अमेरिकेचे संघीय सरकार पशुपालकांना देत असलेली रोख मदत. कृषी खात्याच्या ‘फार्म सर्व्हिस एजन्सी’च्या काउंटी कचेऱ्यांतून तिचे वाटप होते. काउंटी हा राज्याखालचा, साधारण आपल्या जिल्ह्यासारखा घटक. कचेरीच्या कामावर देखरेख ठेवणारी समिती त्या भागातले शेतकरीच निवडून देतात.

या मदतीचे जुने रूप १९३४ च्या दुष्काळात दिसते. त्या वेळी सरकारने आणीबाणी जाहीर झालेल्या काउंट्यांतील गुरे डोई १४ ते २० डॉलर दराने विकत घेतली. जी फार खंगली होती ती मारून टाकली. उरलेल्यांचे मांस गरजू कुटुंबांना वाटले. भाव कमीच होता, पण दिवाळे निघण्यापेक्षा तो बरा म्हणून लोकांनी गुरे दिली.

आज दोन योजना मुख्य आहेत. जनावर दगावले तर ‘लाइव्हस्टॉक इन्डेम्निटी प्रोग्रॅम’मधून त्या प्रकारच्या व वजनाच्या जनावराच्या सरासरी बाजारभावाच्या ७५ टक्के रक्कम मिळते. दर वर्षी कळपात काही मृत्यू होतातच, ते धरले जात नाहीत; त्यावरचीच हानी मोजतात. चाऱ्यासाठीची योजना वेगळी. तिची पात्रता नेब्रास्का विद्यापीठातून दर गुरुवारी प्रसिद्ध होणाऱ्या दुष्काळ-नकाशावर ठरते. काउंटीच्या एखाद्या भागात जरी ठरावीक आठवडे दुष्काळ टिकला, तरी सबंध काउंटी पात्र होते. हद्दीपलीकडच्या शेजाऱ्याचे कुरण तितकेच करपलेले असले तरी त्याची काउंटी नकाशात बसली नाही, तर त्याला काही मिळत नाही. कचेरीला हे सोयीचे आहे, शेजाऱ्याला नाही.

मदतीचा कायदा आधीपासून उभा नसेल तर काय होते, हे दक्षिण डकोटाच्या पश्चिम भागाने ऑक्टोबर २०१३ मध्ये अनुभवले. ३ ते ५ तारखेला तिथे ‘ॲटलास’ हिमवादळ आले. गुरे अजून उन्हाळी कुरणांवर होती, अंगावर हिवाळ्याची दाट लव आलेली नव्हती. आधी पावसाने ती चिंब भिजली, मग सोसाट्याचा वारा आणि बर्फ. रॅपिड सिटीत सुमारे ५८ सेंमी. बर्फ पडला. वाऱ्याकडे पाठ करून गुरे चालत राहिली, बर्फाच्या ढिगांवरून तारेची कुंपणे ओलांडून मैलोगणती गेली आणि घळींत, ओहोळांत मेली. दहा हजारांहून जास्त जनावरे गेली. काही घराण्यांचे पिढ्यान्‌पिढ्या जोपासलेले कळप त्यांत संपले.

भरपाईच्या योजनेची मुदत तेव्हा दोन वर्षांपूर्वीच, सप्टेंबर २०११ मध्ये संपलेली होती. अंदाजपत्रकाच्या वादात १ ऑक्टोबरपासून संघीय कचेऱ्याही बंद होत्या, म्हणजे नोंद करून घ्यायलाही कोणी नव्हते. तरीही पशुपालकांनी मेलेल्या गुरांची छायाचित्रे काढली, कानांतले बिल्ले जपले, पशुवैद्यांचे दाखले घेतले. स्वतःच्या गुरांचा पंचनामा स्वतःच करायचा, तोही नसलेल्या कायद्याच्या भरवशावर, हे फार कठीण काम होते. तोवर शेजारच्या राज्यांतल्या पशुपालकांनी कालवडी पाठवल्या आणि देणग्यांतून मदतनिधी उभा राहिला.

७ फेब्रुवारी २०१४ रोजी नवा कृषी कायदा झाला. त्याने योजना कायमस्वरूपी केली आणि १ ऑक्टोबर २०११ पासूनची हानी मागे जाऊन मान्य केली. १५ एप्रिलपासून अर्ज घेणे सुरू झाले आणि जपलेले बिल्ले कामी आले. रकमेच्या आकड्यापेक्षा हा कायमपणा मोलाचा होता, कारण पुढच्या वादळानंतर कुणाला संसदेची वाट पाहावी लागणार नव्हती.

वादळात मेलेल्यांपैकी पुष्कळ गाई गाभण होत्या. पोटातल्या वासरांची किंमत त्या भरपाईत धरली गेली नाही; न जन्मलेल्या वासरांसाठी वेगळ्या रकमेची तरतूद २०२५ च्या कायद्याने केली.