आल्बारासिन

आल्बारासिन : पूर्व स्पेनमधील डोंगराळ ऐतिहासिक गाव. आरागॉन स्वायत्त प्रदेशाच्या तेरुएल प्रांतात, तेरुएल शहराच्या पश्चिमेस सुमारे ३७ किमी.वर, समुद्रसपाटीपासून साधारण १,१७० मी. उंचीवर ते वसले आहे. वस्ती जेमतेम हजारभर. तरीही कागदोपत्री ते शहर आहे, कारण इथे कॅथीड्रल आहे आणि एके काळी इथे स्वतंत्र बिशप बसत असे. गावाला १९६१ मध्ये राष्ट्रीय स्मारकाचा दर्जा मिळाला. स्पेनमधील सर्वांत सुंदर गावांच्या याद्यांत त्याचे नाव हटकून असते. मात्र ‘काळ जिथे थांबला आहे असे गाव’ हे त्याचे नेहमीचे वर्णन फसवे आहे. आज दिसणारे आल्बारासिन बऱ्याच अंशी गेल्या चार दशकांच्या चिकाटीच्या डागडुजीतून उभे राहिले आहे.

गावाची जागा पाहिली की त्याचा निम्मा इतिहास कळतो. ग्वादालाविआर नदी (हीच पुढे तुरिआ या नावाने व्हॅलेन्सियाला जाऊन समुद्राला मिळते) इथे खडकातून खोल घळ कापत मोठे वळण घेते. त्या वळणाच्या आतल्या सुळक्यावर गाव आहे. तीन बाजूंना नदीचा कडा हाच तट. चौथ्या बाजूला, उत्तरेकडे, डोंगर गावाच्या डोक्यावर चढत जातो आणि शत्रू तिथे पोहोचला तर खालची सगळी कौले त्याच्या माऱ्यात येतात. म्हणून तटबंदी गावाभोवती न थांबता थेट डोंगरावर चढवलेली आहे. आत घरे नाहीत, पाणी नाही, नुसता उघडा उतार. तरी त्याला भिंत घातली आहे. अगदी वर आंदादोर नावाचा बुरूज आहे. तो दहाव्या शतकातला, म्हणजे तटाहूनही जुना. आधी एकट्याने पहारा देणारा आणि पुढे तटात ओवला गेलेला.

गावाला नाव मिळाले ते बनू रझीन या बर्बर घराण्यावरून. कोर्दोबाची खिलाफत अकराव्या शतकाच्या सुरुवातीला मोडकळीस आली तेव्हा अल-अंदलुसमध्ये, म्हणजे मुस्लिम सत्तेखालील स्पेनमध्ये, ठिकठिकाणचे सरदार स्वतंत्र झाले. त्या छोट्या राज्यांना ताइफा म्हणतात. बनू रझीनांची ताइफा त्यांतलीच एक. आकाराने लहान, पण अवघड डोंगराच्या आधाराने टिकून राहिलेली. एल सिद या नावाने प्रसिद्ध असलेल्या रोद्रिगो दिआझ या कास्तिलियन सेनानीला तिने खंडणी भरली. अखेर ११०४ मध्ये अल्मोराविद या उत्तर आफ्रिकेतल्या मुस्लिम राजवटीने ती खालसा केली.

पुढचा अध्याय अधिक चमत्कारिक आहे. बाराव्या शतकात मुर्सियाचा मुस्लिम राजा इब्न मर्दनीश याच्याकडून हा मुलूख, ११७० च्या सुमारास, पेद्रो रुइस दे आसाग्रा या नाव्हारच्या ख्रिस्ती सरदाराच्या हाती आला. एका बाजूला कास्तिलचे राज्य, दुसऱ्या बाजूला आरागॉनचे. दोघांनाही हे गाव हवे. आसाग्राने दोघांपुढेही मान तुकवली नाही. आपण फक्त संत मारियाचे मांडलिक, असे त्याने जाहीर केले आणि ११७२ मध्ये स्वतःचा बिशपही आणवला. धर्मपीठ असले की गावाला वजन येते आणि राजालाही हात घालताना विचार करावा लागतो, हा हिशेब त्यामागे असावा. आरागॉनचा राजा पहिला जाउमे याने १२२० मध्ये वेढा घातला. तेव्हा तो अवघा बारा वर्षांचा होता. त्याच्याच छावणीतले सरदार आतल्यांना फितूर होते, त्यामुळे वेढा उठवून त्याला परतावे लागले. गाव पडले ते १२८४ मध्ये, तिसऱ्या पेद्रोच्या दीर्घ वेढ्यानंतर. १३०० मध्ये ते कायमचे आरागॉनच्या राज्यात सामील झाले, तरी त्याचे स्वतःचे कायदे १५९८ पर्यंत चालू होते. स्पेनच्या यादवी युद्धात, जुलै १९३७ मध्ये, गावाच्या बोळांतून पुन्हा लढाई झाली.

आसपासच्या खेड्यांशी गावाचे नाते मात्र राजांपेक्षा टिकाऊ ठरले. आल्बारासिन धरून २३ गावांची एक सामाईक संस्था मध्ययुगापासून आहे आणि सिएर्रा दे आल्बारासिन या डोंगरभागातील मोठी जंगले व कुरणे आजही तिच्या मालकीची आहेत. इथला पैसा मेंढीचा. सोळाव्या ते अठराव्या शतकात लोकरीवर श्रीमंत झालेल्या घराण्यांचे वाडे गावात आहेत आणि त्यांच्या दारांवर दगडात कोरलेली कुलचिन्हे आहेत.

आता घरांविषयी, कारण आल्बारासिनला जायचे ते घरे पाहायला. गावाचा रंग गेरूच्या जवळचा, तांबूस गुलाबी. हा रंग लावलेला नाही, तो गिलाव्यातलाच आहे. परिसरात जिप्समचा खडक मुबलक आणि त्यात लोहमिश्रित तांबडी माती. तो खडक भट्टीत भाजून, कुटून त्याचा गिलावा करत. चुन्याची भट्टी लावायची तर साधारण ९०० अंशांची धग लागते. जिप्सम त्याच्या पुष्कळ कमी उष्णतेवर भाजून निघतो. थंड मुलखात, जिथे सरपणाला आधीच शंभर वाटा, तिथे हा फरक फार मोलाचा. शिवाय जिप्सम झटपट आवळतो, त्यामुळे थोड्या दिवसांत, थोड्या माणसांत भिंत उभी राहते.

तळमजला दगडी. त्यावरचे मजले पाइन लाकडाच्या सांगाड्याचे, मधल्या जागेत बारीक दगड आणि जिप्सम भरलेले. सुळक्यावर जागाच नाही, म्हणून प्रत्येक वरचा मजला खालच्यापेक्षा हातभर पुढे, रस्त्यावर काढलेला. समोरचा शेजारीही तेच करणार. परिणामी बोळात उभे राहून वर पाहिले तर दोन्हीकडच्या पागोळ्या जवळजवळ भेटलेल्या दिसतात आणि मध्ये आभाळाची चिंचोळी पट्टी उरते. या पुढे आलेल्या वळचणीचा उपयोगही आहे: जिप्समला सततचा पाऊस मानवत नाही, तेव्हा छपराने भिंतीला कोरडे ठेवणे भाग. ज्याला हे ठाऊक आहे त्याला गावातले वाकडेपण नुसते गोंडस वाटत नाही. प्रत्येक बाकाला कारण सापडते.

याचा कळस म्हणजे मोलिना वेशीजवळचे ‘ला हुलिआनेता’ हे घर. दोन रस्ते फुटतात त्या बेचक्यात ते उभे आहे. एकही भिंत ओळंब्यात नाही, खिडक्या एका रेषेत नाहीत, आणि आता पडेल की मग अशा बेताने ते पुढे झुकलेले आहे. गावात सर्वाधिक छायाचित्रे याचीच निघतात. डागडुजी करताना त्याला सरळ करण्याचा मोह टाळला गेला, हे विशेष. याच्या अगदी उलट नाव्हार्रो दे आर्सुरिआगा घराण्याचा निळा वाडा. तांबड्या गावात एकच गडद निळी इमारत! घरात आलेल्या आंदालुसियन सुनेला माहेरची आठवण होऊ नये म्हणून रंग निळा दिला, अशी कथा वाटाडे सांगतात. खरेखोटे सोडा, पण लोकरीचा पैसा मिरवण्याची ही तऱ्हा होती हे स्पष्ट दिसते. दारांवरच्या लोखंडी कड्या आणि ठोकेही न्याहाळण्याजोगे: पाल किंवा ड्रॅगनच्या आकाराचे, शेपटीला वळण दिलेले, स्थानिक लोहारांच्या हातचे.

विसाव्या शतकात माणसे शहरांकडे गेली आणि अशी घरे रिकामी पडली. छप्पर गळू लागले की जिप्समची भिंत फार दिवस तग धरत नाही. दुसरा धोका सुधारणेचा: जुन्या भिंतीवर सिमेंटचा थर दिला की ओल आत कोंडते. गाव या दोन्हींतून वाचले त्याचे श्रेय १९८८ मध्ये सुरू झालेल्या पुनर्बांधणीच्या कार्यशाळा-शाळेला आहे. तिथे स्थानिक तरुणांना सुतारकाम, गवंडीकाम, लोहारकाम शिकवले जाई आणि शिकताशिकता गावातल्याच पडक्या इमारती सावरल्या जात. १९९६ मध्ये सांता मारिया दे आल्बारासिन प्रतिष्ठान स्थापन झाले आणि तट, किल्ला, कॅथीड्रल, बिशपचा वाडा अशी मोठी कामे त्याने हाती घेतली. दुरुस्त केलेली इमारत कुलूप लावून न ठेवता तिथे निवास, परिषदा, अभ्यासवर्ग, चित्रकारांचे मुक्काम अशी काही ना काही वर्दळ ठेवायची, हे त्याचे धोरण. माझ्या मते आल्बारासिनची खरी शिकवणूक इथे आहे; ऐतिहासिक गाव म्हणून नाव झालेल्या किती तरी ठिकाणी नुसती पाटी लागते आणि भिंत तशीच ढासळत राहते.

कॅथीड्रल एल साल्वादोरचे, म्हणजे तारणहार ख्रिस्ताचे. मुख्यतः सोळाव्या शतकातले, जुन्या चर्चच्या जागेवर बांधलेले. त्याच्या संग्रहालयात ब्रसेल्समध्ये विणलेले सोळाव्या शतकातले भित्तिपट आहेत. त्यांवर बायबलमधील गिदोनची कथा आहे. एवढ्याशा गावात हा ऐवज अनपेक्षित आहे, घाईत चुकवू नये. सांता मारिया हे चर्च गावातले सर्वांत जुने स्थान. त्याची सोळाव्या शतकातील उभारणी पिएर्रेस वेदेल या फ्रेंच स्थपतीची. तेरुएलचा प्रसिद्ध कमानींचा जलसेतू बांधणारा तो हाच. तो आल्बारासिनमध्येच वारला आणि याच चर्चमध्ये त्याला पुरले आहे. किल्ल्यात आणि कॅथीड्रलमध्ये वाटाड्याबरोबरच्या फेऱ्या असतात, त्यांच्या वेळा आधी विचारून घ्याव्यात. तट मात्र सर्वांना मोकळा आहे. चढ छातीवर येणारा, पायाखाली सुटे दगड, सावली नाही. सकाळी लवकर किंवा ऊन कलल्यावर चढावे. वरून नदीचे वळण, गाव आणि समोरचे उघडे डोंगर एका नजरेत येतात. पायांत तेवढे बळ नसेल तर नदीकाठची पायवाट बरी: झाडांची सावली, लाकडी झुलते पूल, आणि डोक्यावर कड्याला चिकटलेली घरे.

गावाला रेल्वे नाही. माद्रिदहून तेरुएल रस्त्याने सुमारे ३०० किमी. आणि व्हॅलेन्सियाहून सुमारे १४० किमी. आहे. सारागोसा–व्हॅलेन्सिया रेल्वेमार्गावर तेरुएल स्थानक आहे; तिथून पुढे बस जाते, पण फेऱ्या मोजक्याच. त्यामुळे बहुतेक जण गाडीने येतात आणि गाडी खाली नदीजवळ लावून वर चालत जातात. चाकांची बॅग या दगडी चढांवर निरुपयोगी ठरते. हिवाळ्यात रात्री पारा शून्याखाली उतरतो. हा सारा प्रांतच स्पेनमधल्या अतिथंड भागांत मोडतो. उन्हाळ्यातही रात्री स्वेटर लागतो. मे-जून आणि सप्टेंबर-ऑक्टोबर उत्तम. ईस्टरच्या आठवड्यात आणि ऑगस्टमध्ये बोळांत खांद्याला खांदा लागतो. दिवसभरासाठी आलेली मंडळी संध्याकाळी परततात, म्हणून एक तरी मुक्काम करावा; दुपारच्या गर्दीत पाहिलेल्या गावावरून आल्बारासिनबद्दल मत बनवणे अन्यायाचे होईल.

जेवण मेंढपाळांचे आणि थंडीला साजेसे. शिळ्या पावाचा चुरा तेल-लसणीत परतून केलेले मिगास, लसणीचे सूप, आरागॉनचे कोवळे कोकरू, मेंढीच्या दुधाचे चीज. तेरुएलचे वाळवलेले डुकराचे मांस देशभर नावाजलेले आहे. शाकाहारी माणसाने मिगास मागवतानाही त्यात मांसाचे तुकडे आहेत का हे विचारून घ्यावे, कारण बहुधा असतात. गोडात आल्मोहाबानास, अरबी वळणाचे हे नाव आणि पदार्थ दोन्ही गावाने जपले आहेत.

३० एप्रिलच्या रात्री ‘मायो’ गाण्यांचा सण असतो. मे महिन्याच्या स्वागताची ही गाणी आधी मारियामातेपुढे आणि मग मुलींच्या खिडक्यांखाली म्हणतात. गाण्यात मुलीचे केसांपासून पायांपर्यंत एकेका अवयवागणिक वर्णन येते. पूर्वी या डोंगरातल्या गावांत कोणाच्या वाट्याला कोणती जोडीदारीण हे चिठ्ठ्या टाकून ठरत असे.

गावापासून थोड्या अंतरावर पिनारेस दे रोदेनो हे संरक्षित अरण्य आहे. तांबडा वालुकाश्म आणि त्यात उगवलेले पाइन. काही बुंध्यांवर पूर्वी राळ काढण्यासाठी पाडलेल्या खाचा अजून दिसतात. या खडकांच्या आडोशांत प्रागैतिहासिक चित्रे आहेत. प्रादो देल नावासो येथील बैलांची चित्रे एदुआर्दो मार्कोनेल यांनी १८९२ मध्ये प्रसिद्धीस आणली. भूमध्य किनारपट्टीच्या या चित्रशैलीत एरवी लाल आणि काळा रंग प्रामुख्याने आढळतो, इथले बैल मात्र पांढरे आहेत. १९९८ मध्ये या शैलीच्या चित्रांना युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत स्थान मिळाले. चित्रांपुढे आता लोखंडी गज आहेत, त्यामुळे सकाळच्या तिरप्या उन्हात डोळे बारीक करून बैल शोधावे लागतात. याच खडकांवर दोराविना चढणारे प्रस्तरारोहक युरोपभरातून येतात. काही भागांत चढाईला मनाई आहे, आणि पाऊस पडून गेल्यावर ओल्या खडकावर चढू नये असा संकेत आहे, कारण भिजलेला वालुकाश्म धरलेल्या जागीच तुटतो.

पूर्वेला आल्बारासिनपासून गेआमार्गे सेया गावापर्यंत रोमनांनी इसवी सनाच्या पहिल्या शतकात खोदलेला सुमारे २५ किमी.चा कालवा आहे. त्याचा बराचसा भाग डोंगराच्या पोटातून जातो आणि काही बोगद्यांतून आजही चालता येते. पश्चिमेला फ्रिआस दे आल्बारासिनजवळ ताहो नदीचा उगम आहे. हीच नदी सारा द्वीपकल्प ओलांडून लिस्बनपाशी अटलांटिकला मिळते. त्याच बाजूच्या ग्वादालाविआर गावी मेंढपाळांच्या हंगामी स्थलांतराचे संग्रहालय आहे. बर्फ पडण्यापूर्वी कळप घेऊन दक्षिणेकडे आंदालुसियाच्या कुरणांत उतरायचे आणि उन्हाळ्याच्या तोंडाशी परत यायचे, हा इथला शेकडो वर्षांचा क्रम. काही कुटुंबे अजूनही तो पाळतात.