टायर झिजणं वेगळं, टायरनं मार खाणं वेगळं

"लो प्रोफाइल हायत न्हवं? मग काय, वीस हजार किमीत गोटा." हे वाक्य मी सांगली-मिरजेत टायरच्या दुकानात ऐकलंय, लग्नाच्या पार्किंगमध्ये ऐकलंय आणि एकदा तर भडंगाच्या दुकानाबाहेर उभा असताना. सांगणाऱ्यानं बहुतेक वेळा असले, म्हणजे बाजूची भिंत बुटकी असलेले टायर वापरलेलेच नसतात. वापरलेले असले तर त्याचा टायर झिजून गेलेला नसतो, खड्ड्यात मार खाऊन गेलेला असतो, पण त्याच्या वहीत दोन्ही एकाच खात्यावर.

साधा टायर कसा संपतो ते सगळ्यांना माहितीय, त्यामुळं पटकन सांगतो. नव्या टायरची नक्षी साधारण ७-८ मिमी खोल असते, खाचांच्या तळाशी रबराचे छोटे उंचवटे असतात, नक्षी झिजून त्यांच्या बरोबरीला आली की १.६ मिमी उरली, कायद्यानं टायर संपला. मी पावसाळ्याआधी ३ मिमीलाच काढतो, पण ती माझी भीती.

आता लो प्रोफाइल. नक्षी तेवढीच खोल, खाचा तशाच. बुटकी झालीय ती फक्त बाजूची भिंत, म्हणजे साइडवॉल. रस्त्याला घासते नक्षी, मग भिंत बुटकी केली म्हणून नक्षी लवकर कशी झिजेल? पळणाऱ्या गाड्यांसाठी काढलेल्या काही टायरांचं रबर मऊ असतं आणि ते खरंच लवकर जातं, हे मान्य. पण तो गुण रबराचा, उंचीचा नव्हे. आणि आतल्या कडेनं टायर खाल्ला असेल तर आधी अलाइनमेंट, म्हणजे चाकं सरळ बसलीत का ते बघा, टायरला शिव्या नंतर.

लो प्रोफाइल जातो तो असा. दोन वर्षांमागं पावसात पेठ नाक्यावरून सांगलीला येत होतो, आष्ट्याच्या अलीकडं पाण्यानं भरलेला खड्डा, वरून बघितलं तर नुसतं डबकं. धाडकन आवाज आला, गाडी सरळ चालली, म्हटलं वाचलो. दुसऱ्या दिवशी गाडी पुसताना डाव्या पुढच्या टायरच्या भिंतीवर लिंबाएवढं टेंगूळ हाताला लागलं, रिमची, म्हणजे टायर बसतो त्या धातूच्या चाकाची कड पण जरा दबलेली. टायर फक्त नऊ हजार किमी चाललेला, नक्षी अजून ६ मिमीच्या वर. म्हणजे टायर झिजला होता का? अजिबात नाही. मेला होता.

आत काय झालेलं असतं, तर खड्ड्याची कड आणि रिमची कड यांच्यामध्ये भिंत अडकित्त्यातल्या सुपारीसारखी सापडते, भिंतीच्या आतले धागे तुटतात, मग हवेच्या दाबानं नुसतं रबर बाहेर फुगतं. भिंत उंच असली की दबायला जागा असते, रिमपर्यंत धक्का पोचायच्या आधी बराचसा जिरतो. बुटकी असली की लगेच रिम. एवढाच काय तो फरक, आणि आपल्याकडच्या रस्त्यांवर तोच महागात पडतो.

टेंगूळ आलेला टायर दुरुस्त होत नाही. पंक्चरची वात फक्त नक्षीच्या भागात चालते, भिंतीला नाही. एका गॅरेजवाल्यानं मला सांगितलं, "चालतंय की साहेब दोन-चार हजार, हवा जरा कमी ठेवा." कमी हवा! हवा कमी म्हणजे भिंत अजून जास्त मुडपणार, आधीच तुटक्या धाग्यांवर अजून ताण. चांगल्या टायरला पण कमी हवा म्हणजे पुढच्या खड्ड्याला आमंत्रण. लो प्रोफाइलवाल्यानं दर पंधरवड्याला थंड टायरवर हवा बघायचीच, दाराजवळच्या स्टिकरवर आकडा असतो तेवढीच भरायची. (भिंतीवर कधीकधी आत गेलेली उभी बारीक खळगी दिसते, तिला घाबरू नका, आतल्या कापडाच्या जोडामुळं तसं दिसतं. बाहेर आलेलं वाईट.)

आता नवीन घेताना. इथं लोक टायरवरचा ५५, ५०, ४५ हा आकडा बघून ठरवतात आणि इथंच फसतात. तो आकडा मिलिमीटर नाही, रुंदीचे टक्के आहेत. १९५/५५ म्हणजे रुंदी १९५ मिमी आणि भिंत तिच्या ५५ टक्के, १०७ मिमी. २२५/५० ची भिंत ११२ मिमीच्या वर, म्हणजे ५० वाला ५५ वाल्यापेक्षा उंच! म्हणून दुकानात मोबाइलवर गुणाकार करा, लाजू नका. खड्ड्यात मिलिमीटर उपयोगी पडतात, टक्के नाहीत.

आमच्या दाजींचं उदाहरण. त्यांच्या गाडीला १९५/५५ आर १६ (म्हणजे १६ इंची रिमचे) होते, दुकानात स्टॉक नव्हता, तर १९५/५० आर १६ बसवून आले. मी म्हटलं, "दाजी, साईज बदलली की." तर म्हणे, "अरे रिम तीच, रुंदी तीच, पाचाचा तर फरक." पाचाचा फरक म्हणजे भिंत १०७ वरून ९७ वर, चाकाची एकूण उंची (रिम अधिक वरखालच्या दोन भिंती) ६२१ मिमीवरून ६०१ वर, गाडी सेंटिमीटरभर खाली बसली. चाक लहान म्हणून मीटर जास्त दाखवणार, काट्यावर १०० असताना गाडी खरी ९७ नं चाललीय, आणि किमी पण फुगून पडणार. म्हणजे उद्या "पन्नास हजार चालला" म्हणतील त्यातले दीडेक हजार हवेतले. वर आधीच्या टायरवर ८७ लिहिलेलं, ह्याच्यावर ८४. ते वजनाचं कोष्टक आहे, ८७ म्हणजे एका टायरला ५४५ किलो, ८४ म्हणजे ५००. चार माणसं, सामान आणि तुळजापूरला निघालेली गाडी, तिथं हा आकडा कमी करायचा नसतो. त्याच्यापुढचं अक्षर वेगाचं, ते मूळ टायरपेक्षा खालचं घेऊ नका, झालं.

साईज बदलायचीच तर चाकाची एकूण उंची राखून बदला. मारुती बलेनोच्या वरच्या मॉडेलला १९५/५५ आर १६ येतात, खालच्याला १८५/६५ आर १५. उंची काढून बघा, ६२०.९ आणि ६२१.५ मिमी, मीटरला फरक कळत पण नाही. पण भिंत १०७ ची १२० होते. कंपनी स्वतःच देते म्हणजे १५ ची रिम ब्रेकला घासेल का हा प्रश्न पण मिटला.

बाकी किरकोळ. भिंतीवर DOT लिहिलेल्या ओळीतले शेवटचे चार आकडे बघा, २३२४ म्हणजे २०२४ चा तेविसावा आठवडा. सहा महिन्यांच्या आतला मागा, दुकानदार तोंड वाकडं करतो, करू द्या. पाच वर्षं झाली की दरवर्षी तपासायचा, दहा वर्षांनी नक्षी कितीही छान दिसली तरी काढायचा, ऊन आणि वय त्याला खातच असतं. दोनच बदलणार असाल तर नवे मागं टाका. पुढचे आधी झिजतात म्हणून सगळे नवे पुढं टाकतात, पण ओल्या रस्त्यावर मागचं चाक सुटलं तर गाडी गिरकी घेते, पुढचं सुटलं तर निदान आवरता तरी येतं. आणि नायट्रोजनला पैसे देऊन "आता टायर फुटणार नाही" म्हणणाऱ्यांना माझा नमस्कार, साध्या हवेत ७८ टक्के नायट्रोजनच असतो.

मी काय केलं, तर सोळाच्या अलॉय काढून विकल्या आणि पंधराच्या लोखंडी रिमवर १८५/६५ घातले. गाडी आष्ट्याच्या त्याच रस्त्यानं आठवड्यातनं दोनदा जाते, अजून टेंगूळ नाही. भाचा मात्र मागं बसायला तयार नाही, म्हणतो, "मामा, ही टुरिस्टची गाडी वाटतीय."