न्यूक्लिअर मेडिसिन स्कॅनला येण्याआधी

"सोनोग्राफी झाली, सीटीही झाला, मग आता हे आणखी कशाला?" आमच्याकडे येणाऱ्या फोनवर बहुतेक वेळा पहिला प्रश्न हाच असतो.

एक्स-रे, सोनोग्राफी आणि सीटीत मुख्यतः अवयवाची ठेवण दिसते. तो काम किती करतोय, हे न्यूक्लिअर मेडिसिनच्या स्कॅनमधून कळतं. सोनोग्राफीत दोन्ही किडन्या ठीकठाक दिसल्या तरी बराचसा भार त्यातली एकटीच वाहत असेल, तर ते किडनी स्कॅनमध्ये उघड होतं.

त्यासाठी शिरेतून एक औषध अगदी थोड्या मात्रेत देतात. त्यात शरीराच्या ओळखीच्या पदार्थाला किरणोत्सर्गी अणू जोडलेला असतो. कुठे जायचं ते पदार्थ ठरवतो, कुठे पोहोचलो ते अणू कळवतो. बोन स्कॅनसाठी हाडांत मुरणारं फॉस्फेटच्या जातीचं संयुग आणि टेक्नेशियम-९९एम वापरतात, तर पेट (PET) स्कॅनसाठी, म्हणजे शरीरात साखर कुठे जास्त खेचली जाते ते दाखवणाऱ्या स्कॅनसाठी, बहुतेकदा फ्लोरिन-१८ जोडलेली साखर, म्हणजे एफडीजी. किरण तुमच्या शरीरातून बाहेर येतात, कॅमेरा ते फक्त टिपतो. त्यामुळे कॅमेऱ्याखाली जास्त वेळ झोपल्याने जास्त रेडिएशन मिळत नाही. जोडीला सीटी असेल, तर तेवढ्यापुरते एक्स-रे यंत्रातून येतात.

कॅन्सरच्या बऱ्याच पेशी साखर भराभर ओढतात, म्हणून पेटमध्ये त्या चमकतात. पण मेंदूही चमकतो, कारण त्याला सतत साखर लागते. मूत्राशयही चमकतं, कारण औषध लघवीवाटे बाहेर पडतं. जंतुसंसर्ग, सूज, नुकतीच घेतलेली लस यांच्याही खुणा उमटतात. बोन स्कॅनमध्ये संधिवात किंवा भरत आलेलं फ्रॅक्चर दिसतं. तेव्हा फिल्मवर काळा डाग पाहून (चमकणारा भाग तिथे काळा उमटतो) घरीच निदान करू नका. त्याऐवजी मागच्या काही महिन्यांतलं पडणं-झडणं, ऑपरेशन, लस कोणत्या दंडावर घेतली, हे सगळं आम्हाला सांगा. क्षुल्लक वाटलं तरी सांगा.

पेटच्या तयारीबद्दल आम्ही जरा हट्टी आहोत. आधी साधारण सहा तास उपाशी राहायचं, साधं पाणी चालेल. आदल्या दिवशी व्यायाम किंवा जड काम नको, थकलेले स्नायू साखर खेचून घेतात. इंजेक्शननंतर तासभर शांत पडून राहायचं. गप्पा मारल्या तर स्वरयंत्राचे स्नायू चमकतात, थंडी वाजली तर मानेजवळची तपकिरी चरबी, म्हणजे अंग गरम ठेवणारी चरबी. म्हणून आम्ही पांघरूण देतो आणि फोन बाजूला ठेवायला सांगतो. राग मानू नये. मधुमेह असेल तर गोळ्या किंवा इन्सुलिन परस्पर बंद न करता अपॉइंटमेंट घेतानाच विचारा.

वेळेचंही तसंच. फ्लोरिन-१८ सुमारे ११० मिनिटांत निम्मं होतं, टेक्नेशियम सहा तासांत. तुमच्यासाठी मागवलेला डोस उद्यासाठी ठेवता येत नाही. उशीर होणार असेल तर निघण्याआधीच कळवा. बोन स्कॅनमध्ये मात्र इंजेक्शननंतर दोन ते चार तास थांबावं लागतं. तेवढ्यात बाहेर जाऊन या, जेवून घ्या, पाणी भरपूर प्या.

रेडिएशनची भीती स्वाभाविक आहे. निसर्गातून माणसाला वर्षाला सरासरी २.४ मिलिसिव्हर्ट (रेडिएशन मोजायचं एकक) मिळतात; बोन स्कॅनमध्ये साधारण ४ ते ५. पेट-सीटीत सीटीमुळे आकडा वाढतो. गर्भवती असाल, तशी शक्यता असेल किंवा बाळाला अंगावर पाजत असाल, तर इंजेक्शनच्या आधीच सांगा. स्कॅननंतर पाणी पीत राहा, लघवी तुंबवू नका आणि तो दिवस लहान मुलांना मांडीवर घेणं व गरोदर स्त्रियांच्या अगदी जवळ बसणं टाळा.

जुने रिपोर्ट, फिल्म आणि सीडी सोबत आणा. गेल्या वेळचा डाग आता वाढलाय की विरतोय, हे दोन्ही स्कॅन शेजारी ठेवूनच सांगता येतं.