पॉइंट टू-टू पिस्तुलावर लाल ठिपका बसवताना

पिस्तुलाने नेम धरताना डोळ्यासमोर तीन गोष्टी असतात: मागची खाच, नळीच्या टोकावरची माशी आणि दूरवरचे लक्ष्य. डोळ्याचे भिंग एका वेळी एकाच अंतरावर स्थिरावत असल्यामुळे माशी स्पष्ट ठेवावी आणि लक्ष्य धूसर राहू द्यावे, असे नेमबाजांना सुरुवातीपासून शिकवले जाते. चाळिशीनंतर मात्र भिंगाची लवचिकता घटते आणि हातभर अंतरावरची ती माशीच पुसट होऊ लागते.

आपल्या राही सरनोबत यांनी २०१८ च्या जकार्ता आशियाई स्पर्धेत सुवर्णपदक मिळवले, त्या २५ मीटर पिस्तूल प्रकारात उघड्या खाच-माशीनेच नेम धरावा लागतो. अमेरिकेतील ‘बुल्सआय’ सामन्यांत, जिथे एका हाताने २५ आणि ५० यार्डांवर नेमबाजी करायची असते, तिथे मात्र रेड डॉटला, म्हणजे काचेत लाल ठिपका दाखवणाऱ्या नेम धरण्याच्या साधनाला, मुभा आहे.

स्वीडनच्या एमपॉइंट कंपनीने १९७५ मध्ये असे पहिले इलेक्ट्रॉनिक साधन बाजारात आणले. त्यातील छोट्या एलईडीचा प्रकाश वक्र काचेवर पडतो. त्या काचेवरचा लेप लाल प्रकाश परतवतो आणि उरलेला आरपार जाऊ देतो. एलईडी काचेच्या नाभीपाशी असल्याने परतलेले किरण समांतर होतात, आणि ठिपका लक्ष्याच्याच अंतरावर असल्यासारखा दिसतो. नजर लक्ष्यावर ठेवली की काम झाले. दुर्बिणीचे तसे नाही: रायफलची दुर्बीण डोळ्यापासून आठ-दहा सेंटिमीटरवर लागते, त्यामुळे पिस्तुलासाठी हातभर अंतरावरून पाहता येईल अशी खास दुर्बीण घ्यावी लागते, शिवाय ती हाताचा कंपही तितकाच मोठा करून दाखवते. उभ्याने, एका हाताने नेम धरणाऱ्याने तिच्या वाटेला जाऊ नये, असे माझे मत आहे.

रिमफायर, म्हणजे काडतुसाच्या कडेवर आघात होऊन बार उडणाऱ्या, पॉइंट टू-टू (०.२२ इंची) पिस्तुलांपैकी काहींची रचना या कामाला फारच सोयीची आहे. रुगर कंपनीच्या १९४९ पासून चालत आलेल्या घराण्यात नळी आणि तिच्यामागचा नळकांडीसारखा भाग एकमेकांना पक्के जोडलेले असतात, आणि बोल्ट, म्हणजे काडतुसाला मागून बंद करणारा भाग, आतल्या आत मागे-पुढे सरकतो. इतर बहुतेक पिस्तुलांत वरची स्लाइडच (नळीवरचे सरकते आवरण) प्रत्येक बाराला जोरात मागे फेकली जाते आणि तिच्यावर बसवलेले साधनही तिच्यासोबत हिसके खाते. इथे गोळी जेमतेम २.६ ग्रॅमची आणि पिस्तूल किलोभराचे, त्यामुळे धक्का सौम्य असतो.

तरीही सारी मदार स्क्रूंवर असते. साधन जिच्यावर बसते त्या दहा सेंटिमीटर लांबीच्या पट्टीचे, म्हणजे रेलचे, एक टोक ०.१ मिलिमीटरने उचलले गेले, तर २५ मीटरवर फरक पडतो अडीच सेंटिमीटरचा. म्हणून मॅगझिन काढून चेंबर (नळीतली काडतुसाची जागा) रिकामे असल्याची खात्री केल्यावर छिद्रांतले तेल पुसून काढावे, आट्यांना पुन्हा सोडवता येणारे थ्रेडलॉकर (स्क्रू सैल होऊ न देणारा द्रव) थेंबभरच लावावे आणि निर्मात्याने सांगितला आहे तेवढाच पीळ द्यावा. स्क्रू लांब निघाला तर त्याचे टोक आत येऊन बोल्टला अडते. तेव्हा बोल्ट हाताने मागे-पुढे करून पाहावा. साधन रेलच्या खाचेत बसवताना ते पुढे रेटून मगच आवळावे, कारण बाराच्या वेळी पिस्तूल मागे जाते आणि साधन जडत्वामुळे जागीच राहू पाहते, म्हणजे रेलच्या मानाने पुढे सरकू पाहते.

ठिपका नळीच्या बराच वर असतो आणि गोळी २५ मीटर जाईतो तीन-चार सेंटिमीटर खाली येते. ही दोन्ही अंतरे जुळवण्यासाठी ठरलेल्या अंतरावर चार-पाच बार झाडून त्यांच्या मध्यावरून साधनाचे पेच फिरवतात. एकेका गोळीमागे धावले तर ठिपका कधीच ठरत नाही. त्याच अंतरावर जुळवलेल्या पिस्तुलाच्या गोळ्या पाच मीटरवर थोड्या खाली लागतात, त्यात बिघाड काही नाही.

रिमफायरच्या गोळीवर बहुधा मेणासारखे वंगण असते आणि दारूची काजळीही भरपूर उडते. उघड्या बांधणीच्या साधनात ती एलईडीवर साचते आणि ठिपका फुटल्यासारखा दिसू लागतो. अशा वेळी बॅटरी बदलण्याआधी मऊ कापडाने काच आणि एलईडी पुसून पाहावे.