भुतं नव्हेत, शिंगचांदी

‘घोस्ट टाउन’चं, म्हणजे वस्ती उठून ओसाड पडलेल्या गावाचं, कुणीतरी ‘भुतांचं गाव’ करून टाकलं आणि चुंबकीय क्षेत्र मोजायचं यंत्र घेऊन रात्री ओसाड घरांत हिंडणाऱ्यांचं फावलं. काटा हलतो तो बहुधा पर्यटकांसाठी ओढलेल्या वायरिंगमुळे, नाहीतर त्यांच्याच खिशातल्या मोबाइलमुळे.

कॅलिफोर्नियाच्या मोहावी वाळवंटातलं कॅलिको हे असं एक गाव. चांदी सापडली १८८१ मध्ये, पोस्ट आलं १८८२ मध्ये आणि १८९८ मध्ये बंदही झालं. डोंगर छिटाच्या कापडासारखे, इंग्रजीत ‘कॅलिको’सारखे, रंगीबेरंगी, म्हणून हे नाव. कापडाला ते आपल्या कालिकतवरून पडलेलं. चांदी संपली म्हणून गाव उठलं, असं सांगतात. हे अर्धंच खरं आहे. हलक्या प्रतीची चांदी त्या डोंगरात अजून आहे. संपत आली ती सोपी चांदी.

सोपी म्हणजे काय? खडकातल्या खोलवरच्या शिरांत चांदी गंधकाशी जखडलेली असते. वर मुरणारं पावसाचं पाणी आणि हवा तिथल्या सल्फाइडांचं, म्हणजे गंधकाच्या संयुगांचं, ऑक्सिडीकरण करतात, त्यातून सल्फ्युरिक आम्ल तयार होतं आणि चांदी सल्फेट होऊन पाण्यात उतरते. कोरड्या प्रदेशात जमिनीतलं मीठ वाहून जात नाही. त्यातलं क्लोराइड भेटलं की शाळेच्या प्रयोगशाळेत पाहिलेली तीच क्रिया घडते, सिल्व्हर नायट्रेटमध्ये मिठाचं पाणी टाकल्यावरचा पांढरा अवक्षेप. लिटरभर शुद्ध पाण्यात सिल्व्हर क्लोराइड जेमतेम दोन मिलिग्रॅम विरघळतं, त्यामुळे एकदा बसलेली चांदी सहसा हलत नाही. हजारो वर्षं हे चाललं की वरच्या थरात हे सिल्व्हर क्लोराइड, म्हणजेच ‘शिंगचांदी’, साठते. हिच्यात वजनाने ७५ टक्के चांदी. चाकूने शिंगासारखी कापता येते, उजेडात ठेवली की काळवंडते.

कॅलिकोत पाणी नव्हतं, म्हणून खनिज खाली डॅगेटला, मोहावी नदीकाठच्या गिरणीत जाई. तिथे लोखंडी मुसळांखाली ते दळून बिडाच्या कढयांत घेत. पाणी घालून लापशीसारखा चिखल, वाफेची ऊब, थोडं मीठ, थोडं मोरचूद, आणि पारा. बिडातलं लोखंड क्लोराइडमधलं क्लोरिन हिसकावतं, मोकळी झालेली चांदी पाऱ्यात शिरते. काही तासांनी लोण्यासारखा गोळा धुऊन घ्यायचा, कापडातून पिळायचा आणि बंद भांड्यात तापवायचा. पारा ३५७ अंशांना उकळून नळीतून परत येतो, मागे राहते सच्छिद्र चांदी.

बिघडतं कुठे? चिखलात तेल-ग्रीस गेलं किंवा घोटाई जास्त झाली, तर पारा पिठासारखा फुटतो. ते कण पुन्हा एकत्र येत नाहीत आणि चांदीसकट गाळात वाहून जातात. सल्फाइडही पाऱ्याच्या थेंबांवर साय धरतं. म्हणून खालच्या थरातलं खनिज आधी ५ ते १० टक्के मीठ मिसळून भट्टीत भाजावं लागतं, म्हणजे माणसाने निसर्गाचं क्लोराइडीकरण स्वतः उरकायचं. वाळवंटात त्यासाठी सरपण आणायचं कुठून? खर्च प्रत्येक टनामागे चढत जातो.

त्याच वेळी भाव उतरला. हिंदुस्थानात तोवर कुणीही चांदी घेऊन टांकसाळीत जावं, रुपये पाडून घ्यावेत, अशी मुभा होती. २६ जून १८९३ रोजी मुंबई आणि कलकत्त्याच्या टांकसाळींनी ती बंद केली आणि जगातलं चांदीचं एक मोठं गिऱ्हाईक रातोरात उठून गेलं. अमेरिकन सरकार १८९०च्या कायद्याने दरमहा ४५ लाख औंस चांदी घेत होतं. नोव्हेंबर १८९३ मध्ये तो कायदाही रद्द झाला. १८९० मध्ये औंसाला सरासरी डॉलरहून थोडा जास्त भाव होता, तो १८९४ मध्ये ६३ सेंटच्या आसपास आला. ज्या शिरेतून टनामागे दहा औंस निघत, तिचं उत्पन्न दहा डॉलरचं सव्वासहा झालं. मुसळांचा, पाऱ्याचा, सरपणाचा खर्च मात्र तेवढाच.

शेजारच्या दरीतल्या बोरॅक्सच्या (टाकणखाराच्या) खाणींवर थोडी वस्ती टिकली. १९०७च्या सुमारास बोरॅक्स कंपनीने डेथ व्हॅलीकडे बस्तान हलवलं आणि तीही उठली. वॉल्टर नॉट नावाच्या उद्योजकाने १९५१ मध्ये गाव विकत घेऊन घरं पुन्हा उभारली, १९६६ मध्ये ते काउंटीला, म्हणजे तिथल्या जिल्हा प्रशासनाला, दिलं. आज तिथे फिरताना दिसणाऱ्या बऱ्याचशा भिंती खाणकामगारांच्या नाहीत, या डागडुजीतल्या आहेत.