नागपूरचे ऊन आणि रायफलची पावडर : एक पार्श्वभूमी

रायफलची काडतुसे हाताने भरायची तर पावडर, म्हणजे गोळी ढकलणारी दारू, कोणती निवडावी, हा प्रश्न नागपूरच्या नेमबाजांत अधूनमधून निघतो. उत्तर शोधायला बहुतेक जण अमेरिकन कंपन्यांचे तक्ते उघडतात. गोळीचे वजन, पावडरचे नाव, वेग, दाब, सगळे ओळीने मांडलेले असते. त्या तक्त्यांतली एक गोष्ट मात्र सहज नजरेतून सुटते. दाब मोजण्याआधी काडतुसे साधारण २१ अंश सेल्सिअसला ठेवलेली असतात. आपल्याकडे मे महिन्यात पहाटे चारलासुद्धा पारा तिथपर्यंत उतरत नाही, आणि दुपारी तो ४५ च्या आसपास असतो. बंद गाडीच्या डिकीत ठेवलेल्या पेटीची तर गोष्टच सोडा. पावडरच्या निवडीत वेग आणि ताकद यांची चर्चा फार होते. आपल्या मुलखात मात्र हा प्रश्न गेली सव्वाशे वर्षे मुख्यतः हवामानाचा आहे.

त्याआधी तो पावसाचा होता. काळी दारू म्हणजे सोरा, गंधक आणि कोळसा. सोरा बिहारचा. सतराव्या शतकापासून डच आणि इंग्रज कंपन्या तो जहाजे भरभरून युरोपात नेत होत्या आणि १७५७ नंतर त्या व्यापाराची नाडी ईस्ट इंडिया कंपनीच्या हाती गेली. कोळसा कोणत्या लाकडाचा, यावर दारूचा स्वभाव ठरे. हिंदुस्थानातल्या सरकारी कारखान्यांत तुरीच्या तुराट्यांचा कोळसाही वापरला जाई. तुरीच्या शेतांनी वेढलेल्या नागपूरकराला हे वाचून बरे वाटते, निदान मला तरी वाटले. बंगालमधल्या इशापूरचा दारूचा कारखाना अठराव्या शतकाच्या अखेरीस उभा राहिला. नोव्हेंबर १८१७ मध्ये सीताबर्डीच्या टेकड्यांवर आप्पासाहेब भोसल्यांच्या फौजा आणि इंग्रज यांच्यात जी लढाई झाली, ती दोन्ही बाजूंनी याच काळ्या दारूवर.

काळ्या दारूत निवडायचे असे काही नव्हते, असा समज आहे. तो खरा नाही. दाणा जाड की बारीक, हीच निवड होती. तोफेला जाड दाणा, बंदुकीला बारीक, बंदुकीच्या कानात, म्हणजे बत्ती देण्याच्या भोकात, घालायच्या दारूला त्याहून बारीक. दाणा जितका मोठा तितके जळायला पृष्ठ कमी, म्हणून जळणे सावकाश. अमेरिकेच्या थॉमस रॉडमन यांनी १८६० च्या सुमारास ही कल्पना एक पायरी पुढे नेली. दारूच्या मोठ्या वड्या दाबून त्यांना आरपार भोके पाडली. वडी बाहेरून जळत लहान होते तसे भोक आतून जळत मोठे होते. त्यामुळे जळणारे पृष्ठ टिकून राहते आणि दाब एकदम न उसळता गोळ्यामागे लागून राहतो. आज रायफलच्या पावडरच्या बारीक काडीत जे सूक्ष्म छिद्र दिसते, त्याचा विचार इथून आला.

ठासणीच्या, म्हणजे नळीच्या तोंडातून भरायच्या, बंदुकीचा शिकारी प्रत्येक बार काढण्याआधी स्वतःच दारू मोजत असे. त्या काळी हाताने भरणे हा छंद नव्हता, दुसरा मार्गच नव्हता. मध्य प्रांतातल्या साग-बांबूच्या जंगलांत त्याच्यापुढे दोन अडचणी असत. पहिली धुराची. काळ्या दारूचा निम्म्याहून अधिक भाग वायू न होता घनरूपात मागे राहतो, काही धूर म्हणून हवेत आणि काही काजळी म्हणून नळीत. बार झाल्यावर समोर पांढरा ढग उभा राही आणि जखमी वाघ त्या ढगाच्या कोणत्या बाजूने येतोय ते कळत नसे. दुसरी अडचण ओलीची. अशुद्ध सोरा हवेतली ओल ओढतो. पावसाळ्यात दारू मरे, आणि नळीतली काजळी ओल धरून गंज चढवी. ऊन मात्र काळ्या दारूला फारसे बाधत नसे. ठिणगी लागली तर संपलेच, पण नुसत्या तापमानाने तिचा जोर फारसा बदलत नाही.

बिनधुराची दारू आली आणि हे गणित उलटले.

१८४६ मध्ये शोनबाइन यांनी कापसावर आम्लांची प्रक्रिया करून नायट्रोसेल्युलोज जगापुढे ठेवले. ताकद प्रचंड, पण आवरता येईना. पुढच्याच वर्षी इंग्लंडमध्ये फॅव्हरशॅमचा कारखाना उडाला आणि माणसे गेली. या कापसाचे तंतू मोडून त्याची घट्ट, एकजीव चकती करायची आणि जळणे पृष्ठापुरते मर्यादित ठेवायचे, हे फ्रान्सच्या पॉल व्हिएई यांना १८८४ मध्ये साधले. त्यांच्या ‘पूद्र बी’वर चालणारी लेबेल रायफल १८८६ मध्ये फ्रेंच सैन्याला मिळाली. मग आल्फ्रेड नोबेल यांचे बॅलिस्टाइट आले आणि १८८९ मध्ये ब्रिटनमध्ये एबल आणि ड्यूअर यांचे कॉर्डाइट, दोन्ही बिनधुराच्याच दारू. ब्रिटिशांची थ्री-नॉट-थ्री (.३०३) रायफल १८८८ मध्ये निघाली ती दाबलेल्या काळ्या दारूवर. तीन-चार वर्षांतच तिच्यात कॉर्डाइटच्या शेवयांसारख्या दोऱ्यांची जुडी बसू लागली. १९०४ पासून हे कॉर्डाइट निलगिरीतल्या अरुवनकाडूला, थंड हवेत, तयार होऊ लागले. ते वापरायचे होते उन्हात.

पहिल्या कॉर्डाइटमध्ये नायट्रोग्लिसरीन हे स्फोटक तेल ५८ टक्के होते. ते इतके तापट की नळीचे आतले पेच झिजून जात. १९०१ च्या सुमारास आलेल्या सुधारित प्रकारात हे प्रमाण ३० टक्क्यांवर आणले. झीज कमी झाली, पण उन्हाचा प्रश्न राहिला. घन दारू सुरुवातीलाच गरम असेल तर जास्त वेगाने जळते. वेगाने जळली की दाब वाढतो आणि दाब वाढला की आणखी वेगाने जळते. सुरुवातीचा लहानसा फरक असा शेवटी मोठा होतो. लंडनच्या गार हवेत तपासलेले काडतूस नागपूर-जबलपूरच्या मे महिन्यात वेगळेच वागे. रिकामे काडतूस फुगून खोलीत, म्हणजे नळीच्या मागच्या टोकाला ते बसते त्या जागेत, अडके आणि दुनळी उघडेना. समोर गवा किंवा वाघ असताना हे परवडणारे नव्हते. म्हणून ब्रिटिश कंपन्यांनी हिंदुस्थान आणि आफ्रिकेसाठी कॉर्डाइट थोडे कमी घातलेली वेगळी ‘ट्रॉपिकल’ काडतुसे काढली. उन्हासाठी पावडरचे प्रमाण बदलण्याचा उद्योग आपल्यासाठीच सुरू झाला, ही बाब आजच्या चर्चेत कुणी आठवत नाही याचे मला वाईट वाटते.

त्या काळच्या दुनळी एक्सप्रेस रायफलींच्या नळ्यांवर कॉर्डाइटचे कमाल वजन आणि गोळीचे वजन कोरलेले असे. त्यामागे सुरक्षेखेरीज आणखी एक कारण होते. दोन्ही नळ्यांच्या गोळ्या एकाच जागी लागाव्यात म्हणून कारागीर नळ्या एका ठरावीक भरणीवर जुळवत असे. भरणी बदलली की डावी-उजवी गोळी एकमेकींपासून फाकत. थोडक्यात, पावडर शिकारी निवडत नव्हता. ती बंदूक घडवणाऱ्याने आधीच निवडून पोलादावर लिहून ठेवलेली असे. जुन्या मालगुजारांच्या घरांत अशा रायफली होत्या. आजही कुणाकडे परवान्यावर असेल, तर नळीवरची ती अक्षरे आधी वाचावीत.

सरकारने मधे हात घातला तो वेगळ्याच कारणाने. १९०७ च्या सुमारास हिंदुस्थानात आणि सुदानमध्ये .४५० बोअरवर (बोअर म्हणजे नळीचा आतला व्यास) बंदी आली. मार्टिनी-हेन्री या जुन्या लष्करी रायफली त्याच बोअरच्या होत्या आणि शिकारीचा दारूगोळा बंडखोरांच्या हाती पडेल ही भीती होती. इंग्लंडच्या कारागिरांनी लगेच .४६५, .४७० अशी नवी काडतुसे काढली. लष्करी बोअर खासगी माणसाला नाही, हे धोरण पुढेही टिकले. म्हणून थ्री-नॉट-थ्रीच्या जागी आपल्याकडे .३१५ बोअरची रायफल रुजली. इशापूरची रायफल आणि खडकीचे काडतूस ही जोडी विदर्भातल्या कितीतरी परवानाधारकांच्या ओळखीची आहे.

उन्हाचा दुसरा परिणाम सावकाश होतो, आणि तो जास्त भयंकर आहे. नायट्रोसेल्युलोज पडून-पडून विघटित होते. त्यातून निघणारी आम्लयुक्त वाफ विघटन आणखी वाढवते आणि उष्णता या सगळ्याला वेग देते. फ्रान्सने याची किंमत तुलाँ बंदरात मोजली. मार्च १९०७ मध्ये ‘इएना’ आणि सप्टेंबर १९११ मध्ये ‘लिबेर्ते’ ही युद्धनौका कोठारातल्या खराब झालेल्या पूद्र बीमुळे उडाली. शेकडो खलाशी मेले. डायफिनाइलअमाइनसारखी स्थिरक द्रव्ये घालण्याचा आग्रह त्यानंतर सर्वत्र धरला गेला. स्थिरक विघटन थांबवत नाही. निघालेली आम्ले तो शोषत राहतो आणि एक दिवस स्वतः संपतो. तो दिवस पत्र्याच्या छपराखाली लवकर येतो.

पुढची मोठी पायरी दाण्याच्या घडणीची. १९३३ मध्ये अमेरिकेत फ्रेड ओल्सेन यांनी पाण्यात नायट्रोसेल्युलोजचे गोल दाणे बनवण्याची रीत काढली. ही बॉल पावडर करायला सुरक्षित, स्वस्त आणि मापातून पाण्यासारखी ओघळते. हाताने काडतूस भरणाऱ्याला हे फार सोयीचे. काडीच्या दाण्यांची पावडर मापात अडते, पण तिच्यातले काही प्रकार उष्णतेला जास्त शांत असतात. अमेरिकेत हाताने भरण्याचा छंद फोफावला तो दुसऱ्या महायुद्धानंतर, जेव्हा ब्रूस हॉजडन यांनी सरकारची शिल्लक ‘४८९५’ नावाची पावडर विकत घेऊन डब्यांतून विकायला सुरुवात केली. पावडरांची नावे आकड्यांची का, याचे उत्तर या लष्करी वारशात आहे.

निवड चुकली तर काय होते, याचा सर्वांत कडवा धडा व्हिएतनामचा. अमेरिकेची एम-१६ रायफल ‘आयएमआर’ नावाच्या काडीच्या पावडरवर विकसित झाली. १९६४ मध्ये लष्कराने काडतुसासाठी बॉल पावडर मंजूर केली. गोळीचा वेग तोच, दाब मर्यादेत, कागदावर सारे ठीक. पण नळीतून यंत्रणेकडे येणाऱ्या वायूच्या दाबाचा ताल बदलला, रायफल ठरल्यापेक्षा जलद चालू लागली आणि साका, म्हणजे जळून उरलेला गाळ, वाढला. खोलीला क्रोमचा मुलामा नव्हता, साफसफाईचे साहित्यही पुरेसे दिले नव्हते. जवान अडकलेल्या रायफली हातात धरून मेले. १९६७ मध्ये अमेरिकी संसदेच्या इकॉर्ड समितीने यावर कठोर ताशेरे ओढले. वेग आणि कमाल दाब हे दोनच आकडे पाहून पावडर निवडणाऱ्याने हे प्रकरण नीट अभ्यासावे, असे माझे आग्रहाचे सांगणे आहे.

उन्हावरचा उपाय शेवटी उन्हाच्याच देशातून आला. ऑस्ट्रेलियातल्या मुलवाला कारखान्यात तापमानाने कमी बदलणारी काडीची पावडर तयार झाली. हॉजडन यांच्या कंपनीने तीच ‘एक्स्ट्रीम’ मालिकेत ‘व्हारगेट’, ‘एच४३५०’ अशा नावांनी अमेरिकेत विकली. फरक शून्य होत नाही, पण बराच कमी होतो. त्यामुळे उष्ण प्रदेशात निवडीचा क्रम असा लागतो : आधी काडतुसाच्या आकाराला आणि गोळीच्या वजनाला साजेसा जळण्याचा वेग, म्हणजे मोठे काडतूस आणि जड गोळी असेल तर सावकाश जळणारी पावडर. मग तापमानाची स्थिरता. मापातून ओघळण्याची सोय शेवटी.

हे सारे ज्ञान नागपूरच्या परिसरात नवे नाही. भंडाऱ्याजवळ जवाहरनगरचा आयुध कारखाना १९६४ पासून स्फोटके आणि प्रणोदके (गोळी ढकलणारी दारू) बनवतो. अंबाझरीचा कारखाना १९६६ चा. देशभरच्या स्फोटकांच्या परवान्यांवर देखरेख करणाऱ्या ‘पेसो’चे मुख्यालय नागपुरातच सेमिनरी हिल्सला आहे. जानेवारी २०२५ मध्ये जवाहरनगरला झालेल्या स्फोटात किमान आठ कामगार गेले. या द्रव्यांशी रोज काम करणाऱ्या प्रशिक्षित माणसांनाही ती माफ करत नाहीत.

खासगी माणसाची स्थिती कायद्याने स्पष्ट आहे. वाघाच्या शिकारीवर १९७० मध्ये बंदी आली, १९७२ चा वन्यजीव कायदा आला आणि १९९१ च्या दुरुस्तीने उरलीसुरली हौशी शिकारही बंद झाली. ते योग्यच झाले. पेंच आणि ताडोबा आज आहेत ते त्यामुळे. १९५९ च्या शस्त्र कायद्यात दारूगोळ्याच्या व्याख्येत काडतुसाचे सुटे भाग आणि ते बनवण्याची यंत्रेही येतात, आणि परवान्याविना दारूगोळा बनवणे हा गुन्हा आहे. बंदुकीचा परवाना आहे म्हणून घरी काडतुसे भरता येतात, असे नाही. गंमत म्हणजे याच कायद्यात पिकांच्या रक्षणासाठी ठासणीच्या बंदुकीचा स्वतंत्र उल्लेख अजून आहे. रानडुकरांनी हैराण झालेल्या शेतकऱ्याच्या हाती कायदा अजूनही आधी काळ्या दारूचीच बंदूक देतो.

राहिली जुन्या वाड्यांतली काडतुसे. आजोबांच्या पेटीत कॉर्डाइटची काडतुसे किंवा पावडरचा डबा निघाला, आंबट उग्र वास आला, तांबूस वाफ किंवा डब्याच्या झाकणाला आतून गंज दिसला, तर ती पावडर निकामी नाही, अस्थिर झाली आहे. ती उडवून बघू नये, उन्हात ठेवू नये, ओतूनही देऊ नये. पेटी आहे तिथेच ठेवून पोलीस ठाण्याला कळवावे.